कदंबा तोट्यात का चालते?

विधानसभेचं अधिवेशन आलं की गोव्याची सरकारी बस चालवणाऱ्या कदंब परिवहन महामंडळाच्या, म्हणजे आपल्या कदंबाच्या, तोट्याचा प्रश्न हमखास निघतो. दुसऱ्या दिवशी पेपरात आकडा छापून येतो आणि मग नाक्यावर, कचेरीत, घरी एकच सूर लागतो: एवढा तोटा होतो तर सरकारने बस चालवायचीच कशाला? प्रश्न रास्त आहे, कारण पैसा आपलाच आहे. पण तो विचारणाऱ्यांपैकी पुष्कळजणांना बसचा हिशेब कसा मांडतात हे कुणी सांगितलेलंच नसतं. तोटा किती, यापेक्षा तो कुठल्या फेरीत होतो हे आधी बघायला हवं, असं माझं ठाम मत आहे. ते का, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

गोवा मुक्त झाला १९६१ साली. शेजारच्या महाराष्ट्रात १९४८ पासून एसटी धावत होती, सावंतवाडीकडची लाल गाडी आपल्या लोकांना ओळखीची होती. पण गोव्याची स्वतःची सरकारी बस मुक्तीनंतरही जवळजवळ दोन दशकं नव्हती. गावागावांतून धावायच्या त्या खासगी मालकांच्या बस. मालक चांगला असेल तर सेवा चांगली, नसेल तर वाटेवर उभं राहायचं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस महाविद्यालयीन विद्यार्थी रस्त्यावर उतरले. मागणी साधी होती: विद्यार्थ्यांना बसभाड्यात ५० टक्के सवलत द्या. पेडणे, काणकोण, सत्तरीतून पणजी-मडगावला शिकायला येणाऱ्या पोरांना रोजचं भाडं परवडत नव्हतं, आणि त्या भाड्यापायी शिक्षण सुटण्याची वेळ अनेकांवर येत होती. आंदोलन चिघळलं, लाठ्याही चालल्या.

आता खासगी मालकाच्या जागी बसून विचार करा. अर्ध्या तिकिटाचा विद्यार्थी जिथे बसतो तिथे पूर्ण तिकिटाचा प्रवासी बसू शकला असता. सकाळी, गाडी भरते त्याच वेळी, विद्यार्थी येतात. म्हणजे सवलत द्यायची ती नेमकी कमाईच्या फेरीत. उरलेले पैसे कोण देणार? कुणी दिले नाहीत तर मालक विद्यार्थ्यांच्या थांब्यावर गाडीच थांबवणार नाही. कायद्याने सवलत देता येते, पण थांबायला लावणं कठीण. त्यामुळे सरकारला स्वतःची बस काढणं भाग पडलं. १९८० साली, गोवा, दमण आणि दीव हा संघप्रदेश असताना, प्रतापसिंग राणे यांच्या कारकिर्दीत कदंब परिवहन महामंडळ उभं राहिलं. ज्यांच्या काळात तांबडी सुर्ला येथील महादेवाचं देऊळ उभं राहिलं, सप्तकोटेश्वर ज्यांचं आराध्य दैवत, त्या कदंब राजघराण्याचं नाव आणि त्यांचं सिंहाचं राजचिन्ह या बसला मिळालं. थोडक्यात, ही बस पैसे कमवायला काढलीच नव्हती. ती अर्ध्या तिकिटाच्या प्रवाशासाठी निघाली.

लोक तिला महामंडळ म्हणतात, पण कायद्याच्या दृष्टीने ती सरकारी मालकीची कंपनी आहे. महाराष्ट्राची एसटी १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली येते, कदंबा कंपनी कायद्याखाली. त्यामुळे तिचा ताळेबंद इतर कुठल्याही कंपनीसारखा नफा-तोट्याच्या भाषेत मांडला जातो, आणि दरवर्षी पेपरात येणारा आकडा तिथूनच येतो. त्या भाषेत गावातल्या मुलीला कॉलेजात पोचवल्याचा रकाना नसतो.

आता प्रत्यक्ष हिशेब. बसच्या धंद्यात सगळं किलोमीटरवर मोजतात. एक किलोमीटर गाडी चालवायला किती खर्च आला आणि त्याच एका किलोमीटरमागे तिकिटातून किती आले, या दोन आकड्यांत सगळा खेळ असतो. खर्चात डिझेल (मोठी बस एका लिटरमध्ये साधारण चार-पाच किलोमीटर जाते), चालक-वाहकाचा पगार, टायर, दुरुस्ती, विमा, गाडीची घसरत जाणारी किंमत, डेपोचा खर्च हे सगळं येतं. शिवाय डेपोतून पहिल्या थांब्यापर्यंत गाडी रिकामी जाते, तिला ‘डेड किलोमीटर’ म्हणतात. त्यालाही डिझेल लागतंच.

एक गृहीत उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यासाठी, खरे वेगळे असतील. वाळपईच्या आतल्या एका गावातून पणजीला ५० किलोमीटर, दर किलोमीटरला ६० रुपये खर्च, पूर्ण तिकीट ६० रुपये, गाडीत ५० जागा. एका फेरीचा खर्च ३,००० रुपये. सकाळची फेरी खच्चून भरली, पण तीत २० जण अर्ध्या तिकिटाचे. जमा झाले १,८०० अधिक ६००, म्हणजे २,४००. गाडी भरलेली आहे, लोक दारात लोंबकळायच्या बेतात आहेत, आणि तरीही ती फेरी ६०० रुपये तोट्यात आहे! साडेनऊला तीच गाडी परत गावाकडे निघते तेव्हा १५ माणसं: ९०० रुपये. दुपारी पुन्हा पणजीकडे, १५ माणसं: ९००. संध्याकाळी परत गावाला, सकाळसारखीच भरलेली: २,४००. दिवसाचे झाले ६,६००, खर्च १२,०००. तूट ५,४०० रुपयांची.

हिशेब बघून कुणीही म्हणेल, मधल्या दोन फेऱ्या काढून टाका. काढल्या तर काय होतं? गाडी दिवसभर पणजीला उभी राहील, चालक-वाहकाचा पगार चालूच राहील, वाचेल ते फक्त डिझेल आणि थोडी झीज. पण बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, सकाळी ओपीडीत नंबर लावून दुपारी एकला मोकळी झालेली बाई संध्याकाळपर्यंत कुठे बसणार? परतीच्या गाडीची खात्री नसेल तर ती सकाळी बसने जाणारच नाही. शेजाऱ्याची स्कूटर मागेल, किंवा तपासणी पुढच्या आठवड्यावर ढकलेल. मग सकाळच्या फेरीतले दोन-चार प्रवासीही गेले. पुढच्या वर्षी सकाळची फेरीही कमी भरते, आणि कचेरीत कुणीतरी लिहितं: मागणी नाही. गावची बस मरते ती अशी, एकदम बंद होत नाही. माझ्या घरी आईच्या औषधोपचाराच्या काळात दुपारच्या गाडीचं मोल मला कळलं. त्या गाडीत कधीच गर्दी नसायची, आणि तिच्यात बसलेल्या प्रत्येकाला तिची गरज होती.

खासगी बसवाला हाच रस्ता वेगळ्या रीतीने चालवतो. तो आतल्या गावात जाण्याऐवजी साखळी ते पणजी, जिथे माणसं मिळतात तेवढ्याच पट्ट्यात फिरतो. स्टँडवर गाडी भरेपर्यंत थांबतो, मग वाटेत मागची गाडी दिसली की पळवतो. ‘फाटीं वच, फाटीं वच’ (मागे जा, मागे जा) करत माणसं आत कोंबतो. यात तो वाईट माणूस आहे असं नाही. बऱ्याच ठिकाणी चालकाला दिवसाची ठरलेली रक्कम मालकाच्या हाती द्यावी लागते आणि वरचे ते त्याचे. पुढच्या थांब्यावरची दहा माणसं आधी पोचेल त्याची. रस्त्यावरच्या शर्यतीचं मूळ या पैशाच्या पद्धतीत आहे. दंड वाढवून ती फारशी थांबत नाही, ते यामुळेच.

मग कदंबा तोटा भरून काढते कशातून? एक वाटा सरकारच्या मदतीचा, पण दुसरा तिच्या स्वतःच्या कमावत्या गाड्यांचा. त्यातली सर्वांत हुशारीची व्यवस्था म्हणजे शटल. पणजीच्या पाटो भागातल्या कदंबा स्टँडवर ज्यांनी ती कधी जवळून बघितली नसेल त्यांनी एकदा सकाळी बघावी. मडगाव, वास्को, म्हापसा अशा फलकांखाली लोखंडी कठड्यांच्या आत रांग उभी असते. खिडकीवर आधी तिकीट काढायचं, मग गाडीत. गाडीत जेवढ्या जागा तेवढीच माणसं आत जातात, उभं कुणी राहत नाही, ढकलाढकल नाही. गाडी भरली की दार लागतं, आणि ते थेट पुढच्या शहरात उघडतं. मागे कठड्यात पुढची गाडी लागलेली असते. आत वाहक नसतो, कारण वाटेत कुणी चढणारच नसतं.

साध्या दिसणाऱ्या या व्यवस्थेत तिन्ही बाजूंनी पैसा वाचतो. प्रत्येक गाडीमागे एका माणसाचा पगार कमी. वाटेत थांबे नसल्याने तीच गाडी दिवसात जास्त फेऱ्या मारते. आणि भरल्याशिवाय निघत नसल्याने रिकाम्या खुर्च्या वाहून नेल्या जात नाहीत. कचेरीत जाणारा माणूस गाडी दारात ठेवून शटलने जातो, तो वेळेसाठी. मुंबई, पुणे, बेळगाव, हुबळी अशा लांब पल्ल्याच्या गाड्याही सणासुदीला बऱ्या चालतात. शटलने कमावलेल्या पैशातला काही भाग आतल्या गावच्या दुपारच्या गाडीला जातो. एकाच घरातला नोकरीवाला भाऊ शेती बघणाऱ्या भावाला हात देतो तसं हे आहे. म्हणून ‘फायद्याचे मार्ग खासगीला द्या, बाकीचे कदंबाकडे ठेवा’ असा सल्ला कुणी दिला की मला धास्ती वाटते. त्यातून तोटा वाढेल आणि मग त्याच तोट्याकडे बोट दाखवून उरलेलंही बंद करता येईल. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सरकारी परिवहन संस्थांसाठी सहावं प्रकरण वेगळं ठेवलंय. एखादा मार्ग पूर्णपणे किंवा अंशतः सरकारी बससाठी राखून ठेवण्याची तरतूद त्यात आहे, ती यासाठीच.

शटल शक्य झाली ती पुलांमुळे, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. कदंबा सुरू झाली तेव्हा पणजी-मडगावच्या वाटेवर जुवारीला पूल नव्हता. आगशी आणि कुठ्ठाळीच्या मध्ये फेरीबोट होती. १९८३ साली पूल झाला आणि पणजी-मडगाव हा सलग रस्ता बनला. उलट अनुभव तीनच वर्षांत आला. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. पणजी आणि पर्वरी समोरासमोर दिसत असताना एकमेकांपासून तुटली. लोक नदीच्या एका काठाला बसमधून उतरायचे, फेरीतून पार व्हायचे आणि पलीकडे दुसरी बस धरायचे. नवा पूल यायला १९९२ उजाडलं. एवढी वर्षं म्हापसा-पणजीच्या प्रवाशाने हे काढलं. आज तिथे मांडवीवर तीन पूल आहेत, तिसरा, अटल सेतू, २०१९ सालचा.

रेल्वे आहे की, असं कुणी म्हणेल. गोव्यात रेल्वे बसच्या कितीतरी आधी आली. ब्रिटिश आणि पोर्तुगीज यांच्यात १८७८ साली तह झाला आणि १८८८ पर्यंत मुरगाव बंदर ते घाटावरचं कॅसलरॉक हा मीटरगेज मार्ग पुरा झाला. दूधसागरच्या अंगावरून जाणारा तोच रस्ता. पण तो आखला गेला बंदरातला माल घाटावर नेण्यासाठी. वास्को, मडगाव, सावर्डे, कुळे ही गावं वाटेत आली म्हणून त्यांना गाडी मिळाली. पणजी, म्हापसा, फोंडा वाटेत नव्हती. १९५५ साली भारताने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा सीमेवरची ही वाहतूकच थांबली, आणि मुक्तीनंतर पुन्हा जोडली गेली. कोकण रेल्वे १९९८ च्या जानेवारीत सलग सुरू झाली. तिने मुंबई जवळ आणली, पण गोव्याच्या आतल्या रोजच्या प्रवासाला तिचा उपयोग थोडा. पणजीसाठी उतरायचं करमळीला, म्हापशासाठी थिवीला, आणि तिथून पुढे बस, टॅक्सी नाहीतर पायलट. (पायलट म्हणजे आपली पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल टॅक्सी. गावाच्या फाट्यापासून घरापर्यंतचा शेवटचा तुकडा तिने वर्षानुवर्षं सांभाळलाय, आणि सरकारी योजनांत तिची दखल फार कमी घेतली जाते.) मडगावात कोकण रेल्वेने ‘स्कायबस’ नावाचा लटकत्या डब्यांचा प्रयोगही करून पाहिला. २००४ साली चाचणीत अपघात होऊन एकाचा जीव गेला, आणि पुढे ते काही झालं नाही. म्हणून गोव्यातल्या गोव्यात फिरायचं तर शेवटी बसच.

गाड्यांबद्दल बोलू, कारण ताफा हा शब्द ऐकला की लोकांना वाटतं सगळ्या बस एकसारख्या. बस तयार मिळत नाही, निदान पूर्वी मिळत नसे. टाटा किंवा अशोक लेलँड कंपनी देते ती चॅसिस: चाकं, इंजिन, लांब पोलादी सांगाडा आणि पुढे उघड्यावर एक स्टिअरिंग. वर घर बांधावं तशी बॉडी बांधावी लागते. आपल्या सत्तरीतल्या होंडा-भुईपालमध्ये ऑटोमोबाइल कॉर्पोरेशन ऑफ गोवा या कंपनीत हेच काम होतं. टाटा आणि गोव्याचं आर्थिक विकास महामंडळ यांनी मिळून ती काढली, आणि तीही १९८० सालीच. ज्या वर्षी गोव्याने स्वतःची बस चालवायला घेतली त्याच वर्षी बस बांधणारी ही कंपनीही निघाली, याचा सत्तरीकर म्हणून मला अभिमान वाटतो. होंड्याच्या रस्त्यावर अंगावर छप्पर नसलेली चॅसिस, तोंडाला टॉवेल गुंडाळलेला चालक, हे दृश्य आम्ही लहानपणापासून पाहत आलोय. आमच्या भागातल्या कितीतरी घरांची चूल त्या कारखान्यावर पेटली.

कदंबाच्या ताफ्यात लांब पल्ल्याच्या आरामगाड्या आहेत, शटलच्या मोठ्या बस आहेत, आणि आतल्या गावांसाठी मिनीबस. मिनीबसचं कारण गोव्याच्या रस्त्यांत आहे. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, मध्ये वळण, समोरून टिप्पर. तिथे बारा मीटरची गाडी वळत नाही. पण मिनीबसमध्ये जागा निम्म्या आणि चालकाचा पगार मात्र तेवढाच, म्हणजे दर प्रवाशामागचा खर्च वाढतो. गावची बस तोट्यात का, याचं हेही एक कारण, आणि त्यात कुणाचा दोष नाही.

१ एप्रिल २०२३ पासून केंद्राचा नवा नियम लागू झाला. सरकारी मालकीच्या १५ वर्षांवरील वाहनांची नोंदणी पुन्हा होत नाही, ती मोडीत काढावी लागतात. परिवहन महामंडळाच्या बसही त्यात आल्या. प्रदूषण आणि सुरक्षिततेसाठी नियम योग्यच आहे. परंतु एखाद्या मार्गावरची जुनी गाडी गेली आणि नवी वेळेवर आली नाही, तर आधी कोणती फेरी तुटते? शटल तुटत नाही. दुपारची गावची फेरी तुटते.

जुन्यांच्या जागी आता इलेक्ट्रिक बस येताहेत. इलेक्ट्रिक वाहनांना अनुदान देणाऱ्या केंद्राच्या फेम योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातून कदंबाला ओलेक्ट्रा कंपनीच्या ५० इलेक्ट्रिक बस मिळाल्या. पणजी शहरातही स्मार्ट सिटी योजनेतून २०२४ साली अशा बस सुरू झाल्या. या बस कदंबाने विकत घेतलेल्या नसतात, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. कंत्राटदार कंपनी बस आणते, तिचा चालक ठेवते, देखभाल करते. महामंडळ तिला दर किलोमीटरला ठरलेला दर देतं आणि तिकिटाचे पैसे स्वतः घेतं. करारात बहुधा महिन्याला अमुक किलोमीटरची हमी असते. गाडी तेवढी पळवली नाही तरी त्याचे पैसे द्यावे लागतात.

यात फायदा असा की एकदम मोठं भांडवल घालावं लागत नाही, आणि गाडी बिघडली तर त्याची डोकेदुखी कंपनीची. इलेक्ट्रिक बस महाग असते, म्हणूनच फेममध्ये बॅटरीच्या क्षमतेप्रमाणे, दर युनिटला २०,००० रुपयांपर्यंत, अनुदान ठेवलं होतं. चालवायला ती स्वस्त, एका किलोमीटरला साधारण एक ते दीड युनिट वीज. विकत घ्यायला महाग आणि चालवायला स्वस्त अशी वस्तू जितकी जास्त वापरावी तितकी परवडते. त्यामुळे या गाड्या दिवसभर पळणाऱ्या शटलसारख्या मार्गांवर लावल्या जातात, आणि ते बरोबरच आहे. आतल्या गावात दिवसाला चार फेऱ्या मारायला ती लावली तर हमीचे किलोमीटर भरत नाहीत. धूर न सोडणारी, आवाज न करणारी गाडी मडगावच्या माणसाला मिळते, केरीसारख्या आतल्या गावच्या माणसाला जुनी डिझेल. ही तफावत आत्ताच लक्षात घेतली नाही तर ती पक्की होऊन बसेल.

किलोमीटरमागे पैसे देण्याची हीच पद्धत खासगी बसना लावणारी ‘म्हजी बस’ योजना मला जास्त आशेची वाटते. खासगी मालकाने आपली बस कदंबाच्या वेळापत्रकात चालवायची, तिकिटाचा गल्ला कदंबाचा, मालकाला ठरलेल्या दराने किलोमीटरचे पैसे. नीट विचार केला तर शर्यतीचं मूळ इथे कापलं जातं. माणसं किती चढली यावर मालकाची कमाई ठरत नाही, फेरी पुरी केली की नाही यावर ठरते. गाडी भरेपर्यंत थांबायचं कारण उरत नाही. विद्यार्थ्याला थांब्यावर सोडून जाण्याचंही नाही. १९७९-८० च्या सुमारास जो पेच पडला होता, खासगी मालकाने अर्ध्या तिकिटाचा प्रवासी का घ्यावा, त्याचं हे एक चांगलं उत्तर आहे. अट एकच, मालकाला पैसे वेळेवर मिळाले पाहिजेत. सहा महिने रक्कम थकली की तो पुन्हा जुन्या पद्धतीकडे जाईल आणि त्याला बोल लावता येणार नाही.

हे सगळं होत असताना प्रवासी मात्र बसमधून उतरताहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातल्या ४५.२ टक्के कुटुंबांकडे मोटारगाडी होती, देशात एवढं प्रमाण कुठल्याच राज्यात नाही. दुचाकी तर घराघरांत. शाळांना सरकारने बालरथ, म्हणजे शाळेच्या बस, दिले, त्यामुळे शाळकरी मुलं त्यातून जातात. ती सोय चांगली आहे, पण नेहमीच्या बसचे सकाळचे प्रवासी त्याने कमी झाले. बसमध्ये आता उरलेत ते कॉलेजची मुलं, बाजाराला निघालेल्या बायका, म्हातारी माणसं, बांधकामावरचे कामगार, दवाखान्यात जाणारे. यातल्या बहुतेकांचा आवाज अधिवेशनापर्यंत पोचत नाही.

म्हणून पुढच्या वेळी तोट्याचा आकडा छापून आला की आपल्या आमदाराला दोन गोष्टी विचाराव्यात. सवलतीच्या तिकिटांपोटी सरकारने कदंबाला किती देणं होतं आणि प्रत्यक्षात किती दिलं? आणि मार्गवार तूट किती? एकूण आकड्यातून काहीच कळत नाही. मार्गवार आकड्यातून कळतं की कुठली तूट गैरव्यवस्थेची आहे आणि कुठली दुपारच्या गाडीची. गैरव्यवस्थेच्या तुटीवर अवश्य बोलावं, कडक बोलावं.

आणि आपल्या गावची फेरी तुटली असेल तर नुसती तक्रार करून भागत नाही. ग्रामसभेत ठराव घ्या. त्यात कुठल्या वेळेची गाडी बंद आहे, किती विद्यार्थी आणि किती इतर प्रवासी तीवर अवलंबून होते, त्याच वेळेला त्या मार्गावर दुसरी कुठली बस आहे का, हे नावनिशीवार लिहा. पंचायतीच्या शिक्क्यासह तो कागद डेपो व्यवस्थापकाकडे आणि एक प्रत वाहतूक खात्याकडे द्या, पोच घ्या. वेळापत्रक बसवणाऱ्या माणसाला तूट रोज समोर दिसते. प्रवासी त्याला दिसत नाहीत, ते कागदावर आणून द्यावे लागतात.